तीन नंबरच्या गाळ्यावरचे उस्मानचाचा

"शी!" हा एवढासा उद्गार उस्मानचाचा ज्या ताकदीने काढत, तसा मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आधी नाक वर जायचं, मग डावी भुवई, आणि मग तो शब्द यायचा. कंपनीच्या मेसमधला रस्सा, सौदीतल्या अल-खोबरच्या मॉलमध्ये काचेआड मांडलेली सुरमई, बाटलीतलं लिंबू सरबत, नवा सेफ्टी ऑफिसर, टीव्हीवरचे पुढारी, या सगळ्यांची वासलात ते त्या एका शब्दात लावत. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी तो माझ्यासाठी वापरला.

मी सांगलीकडचा. अल-खोबरला फ्लॅट होता, आणि तिथून तासाभरावर किनाऱ्याला असलेल्या एका कारखान्यात देखभालीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. कारखाना थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागे. ते तीन गाळ्यांतून आत यायचं. प्रत्येक गाळ्यात एक भलीमोठी फिरती जाळी, आणि जाळीमागे पंप. जाळीवर अडकलेलं शेवाळ, मेलेले मासे, प्लास्टिक, जेलीफिशचा लगदा, सगळं शेजारच्या हौदात पडून उन्हात कुजत राहायचं. पहिल्याच दिवशी तो वास नाकात गेला आणि माझे सकाळचे पोहे घशाशी आले. रुमाल नाकाला लावून मी पंपहाऊसमध्ये शिरलो. तिथे साठीकडे झुकलेला, काटकुळा, पांढऱ्या दाढीचा एक माणूस रंगाच्या उपड्या डब्यावर बसला होता आणि पायाखालच्या लोखंडी पत्र्यातल्या वीतभर भोकात बघत होता. त्याच्या बोटात एक दोरी होती आणि ती भोकातून खाली गेली होती.

त्याने माझ्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं.

"नवा इंजनेर काय? नाक झाकून पंप बघनार? शी!"

मग गाव विचारलं. मी सांगली म्हणालो.

"म्हंजे घाटी. समुद्र बघितलास कधी?"

"बघितलाय की. गणपतीपुळ्याला."

"ता बघना नाय. ता दर्शन," असं म्हणून ते पुन्हा भोकात बघायला लागले. त्या दिवसापासून मी 'पाटला' झालो आणि ते माझे चाचा.

चाचा बाणकोटच्या खाडीकाठचे. तरुणपणी होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. गावातल्यांनी मोठमोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटी आणल्या, समुद्र खरवडून पिल्लांसकट मासळी उपसायला लागले, तेव्हा चाचांनी होडी सोडली आणि सौदीत आले. "आयशीच्या पोटातला पन सोडीत नाय हे लोक," ते म्हणायचे. "त्यांच्यात मासे मारन्यापेक्षा मी हितं पंप मारतो." पंप चालवायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. तीन मुलींची लग्नं झाली होती. धाकटी रुखसाना महाडला फार्मसी शिकत होती, तिची तीन वर्षं राहिली होती. तेवढी तीन वर्षं झाली की कायमचं घरी, हा चाचांचा बेत त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकला.

पंपहाऊसमध्ये मासे धरणं अर्थातच नियमात बसत नव्हतं. तीन नंबरच्या गाळ्यावर पूर्वी पाण्याची पातळी मोजायची एक नळी होती. ती काढली तेव्हा भोक तसंच राहिलं. चाचा फावल्या वेळात त्या भोकातून गळ टाकून गरवायचे. मी इंजिनिअर म्हणून ते भोक बुजवायला हवं होतं. त्याऐवजी मी एकदा त्यांना तीन किलोचा हमूर, म्हणजे आपल्याकडचा गोब्रा, त्या भोकातून वर घेताना बघितला आणि दुसऱ्याच शुक्रवारी मॉलमध्ये जाऊन गळाची काठी घेऊन आलो. काठी मस्त होती. निळी, चकचकीत, चाकबिक असलेली.

"ह्या काय?" चाचांनी ती दोन बोटांत धरून विचारलं.

"मासे धरायचं."

"ह्या मासे धरायचा नाय. ह्या भिंतीला टांगायचा. शी!"

त्यांनी मला जाड नायलॉनची दोरी दिली आणि तिच्या टोकाला स्वतः ओतलेला शिशाचा मासा. करंगळीएवढा, पॉलिश पेपरने घासून चांदीसारखा चमकवलेला, शेपटाला एक गरी, म्हणजे गळाचा आकडा. आमिष नाही, काही नाही. हे शिसं तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं आणि सोडायचं. खाली जाताना ते डाव्या-उजव्या अंगावर लोळतं आणि जखमी माशासारखं दिसतं. एवढंच काम. दीड महिना मला ते जमलं नाही.

"विहिरीतून पोहरा काढतोस काय? वीतभर सांगितला तर हातभर कशाला?" "आता सोडलास तो दगड सोडलास. शिसा पडताना दोरी ढिली नाय झाली पायजे. त्याच्यासंगती तुझा हात खाली गेला पायजे." "थांब. थांब! थांबायला काय पैसा पडतो?" मासा उचलताना घेत नाही, पडताना घेतो, हे ते रोज सांगत आणि मी रोज उचलण्यावरच जोर देत असे. माझा हात उतावळा होता. कारखान्यात सगळेच उतावळे होते. पण ते फक्त माझ्यावर वैतागत.

शेवटी एक हमूर लागला. पाच बोटांची लांबी, चाचांच्या हिशेबात पिल्लू. त्यांनी तो सोडायला लावला. दुसरा मात्र ठेवण्याजोगा निघाला आणि साफ करायचं काम माझ्यावर आलं. पोटात बोट घालून आतडी ओढली तेव्हा मला हौदाच्या कडेला उभं राहून ओकारी झाली. चाचा शांतपणे बघत होते.

"घान वाटली?"

मी मान हलवली.

"तुझ्या पोटात काय मोगऱ्याची फुलां हायत?"

तो मासा मी घरी नेला. माझ्या बायकोने, वैशालीने, पिशवी दाराबाहेरच ठेवायला लावली. माझी मुलगी दहावीत होती. तिने नाक धरलं आणि "बाबा, इट्स डिस्गस्टिंग" म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. मी तो मासा परत चाचांच्या खोलीवर, कामगारांच्या कॅम्पवर नेला. चाचांनी नुसतं मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून भाजला. आयुष्यात पहिल्यांदा मी मासा काट्यापर्यंत खाल्ला.

एकदा पंप बनवणाऱ्या कंपनीचा एक कॅनडाचा तंत्रज्ञ आला होता. ताडमाड माणूस. डबा, भोक आणि दोरी बघून तो मोठ्याने हसायला लागला. मला वाटलं, आता तक्रार करणार. पण तो म्हणाला, आमच्याकडेही असंच असतं, फक्त खाली लोखंडाऐवजी बर्फ. सगळं तळं गोठतं, त्याला भोक पाडायचं, डब्यावर बसायचं आणि ट्राउट नावाचा मासा धरायचा. मी हे चाचांना सांगितलं.

"बर्फावर मानूस बसतो?" चाचांचं नाक वर गेलं. "मासा बर्फात ठेवतात रे, मानसाला नाय. शी!"

पण मग त्यांनी हळूच दोरी त्याच्यापुढे केली. तो गुडघे मुडपून त्या डब्यावर बसला. शिसं तळाला टेकवलं, मनगटाने जेमतेम वीतभर उचललं, सोडलं, आणि थांबला. किती वेळ थांबला! माझी चुळबुळ व्हायला लागली. चाचा त्याच्या मनगटाकडे टक लावून बघत होते.

"ह्याला कोनी तरी मन लावून शिकवलाय," ते म्हणाले. मी इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं कौतुक आणि ते एका परक्या माणसाच्या न दिसलेल्या गुरूचं होतं.

त्या दोरीचं खरं काम मला पुढे कळलं. उन्हाळ्यात जेलीफिशचे थवे येत आणि जाळ्या तुंबत. जाळी तुंबल्याचं कळायला पॅनेलवर मीटर होता, पण तो जागा होईपर्यंत पंप ओरडायला लागलेला असे. पंप थांबला की कारखाना थांबला, आणि मग आमच्या कंपनीची धुलाई. चाचांच्या पाळीत हे कधी झालं नाही. गाळ्यातून पाणी जोरात आत जात असलं की दोरी जाळीकडे ओढली जाते. जाळी चोंदायला लागली की पाणी शेजारच्या गाळ्यांतून वाट काढतं आणि इथली दोरी सरळ लोंबते. चाचा बोटावर ते ओळखत. मीटर हलायच्या वीस मिनिटं आधी ते उठून जाळी धुवायचं पाणी सुरू करत. मासा लागतोय का, हे बघता बघता ते पंप सांभाळत होते. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

त्या काळात सौदीकरणाचा बडगा जोरात होता. अमुक इतक्या जागांवर सौदी माणसं हवीत, नाहीतर नवे व्हिसे बंद, इकाम्यांचं, म्हणजे राहण्याच्या परवान्यांचं, नूतनीकरण बंद. आमच्या कंपनीने यावर आपल्या पद्धतीने उपाय काढला होता. चार सौदींची नावं पटावर होती. ते घरी बसत, पगार घेत, आणि त्यांचं काम आम्ही करत असू. मॅनेजर आपलेच होते, पुण्याचे. त्यांना या हुशारीचा अभिमान होता. मीही त्या हजेरीपटांवर दर महिन्याला सह्या करत होतो.

चाचांना हे कळलं तेव्हा त्यांनी जेवण अर्धं टाकलं. "नाव एकाचा, घाम दुसऱ्याचा. त्यांची जमीन, त्यांचा समुदर. त्यांना काम शिकवा ना. घरी बसवून भीक कसली घालता? शी, शी!"

मग तपासणी कडक झाली. पटावरच्या नावांना प्रत्यक्ष उभं करायची वेळ आली, आणि पंप ऑपरेटरची जागा सौदीसाठी राखीव झाली. त्या जागेवर अबू फैसल आला. चाळिशी उलटलेला, जाडसर, लाजरा माणूस. वडील कतीफकडचे मच्छीमार होते. हा मात्र आयुष्यभर कुठल्या कुठल्या फाटकांवर पहारेकरी म्हणून बसला होता. घरी तीन मुलं, आणि हातात कसलंच कौशल्य नाही याची त्याला लाज वाटायची. रोज सकाळी जुन्या पिकअपमधून यायचा, खजूर आणि गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास चाचांपुढे ठेवायचा आणि त्यांना आदराने हज्जी म्हणत विचारायचा, "या हज्जी, आज काय?" मला तो मुहंदिस म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर.

ठरलं असं होतं. चाचांनी तीन महिने शिकवायचं. नंतर जेलीफिशच्या दिवसांत अबू फैसलने तीन आठवडे एकट्याने पाळी चालवायची. अहवाल मी लिहायचा. तो तयार झाला तर चाचांना फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. नाही झाला, एकदा जरी पंप बंद पडला, तर 'प्रशिक्षण अपुरं' असा शेरा मारून चाचांचा इकामा वाढवता येणार होता. वर्षभर तर नक्कीच, कदाचित दोन.

मी हिशेब मांडला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो. एका दुपारी अबू फैसल नमाजाला गेला असताना मी चाचांजवळ दुसरा डबा ओढून बसलो.

"चाचा, त्याला पॅनेल शिकवा, व्हॉल्व्ह शिकवा, मॅन्युअलमध्ये आहे ते सगळं शिकवा. फक्त दोरी शिकवू नका."

त्यांचा हात थांबला.

"कुणी विचारणार नाही. मॅन्युअलमध्ये नाहीच ते. जेलीफिश आली की मीटरवर अवलंबून राहील आणि पंप जाईल. मग तुम्ही इथेच. रुखसानाची दोन वर्षं निघतील."

मी रुखसानाचं नाव घेतलं. खरं तर मला भीती होती ती माझी. चाचा गेले आणि पंप बंद पडायला लागले तर पहिला जाब मला विचारला जाणार होता. ते मी बोललो नाही.

चाचांनी दोरी गुंडाळली. सावकाश, एकेक फेर. नाक वर गेलं नाही, भुवई हलली नाही. ते जे म्हणाले ते इतक्या हळू म्हणाले, की पंपांच्या आवाजात मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"माझ्या बापाने मला अर्धा शिकवून होडीवर सोडला असता तर मी पयल्या पावसालाच मेलो असतो. आनि तू मला सांगतोस, ह्याला अर्धा शिकव. त्याची पोरां नायत?"

"पण तुमची मुलगी..."

"माझ्या पोरीला ह्याच्यात घेऊ नको. उठ हितून, पाटला. तुझी किळस येते मला."

पंपांचा धडधडाट चालू होता आणि त्यात माझ्या कानात फक्त तेवढंच वाक्य राहिलं. मी उठलो. ऑफिसात जाऊन एसी वाढवला आणि त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. मूर्ख आहे, भाबडा आहे, मरू दे. राग आला की माणूस स्वतःला किती पटकन बरोबर ठरवतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या भोकाजवळ दोन डबे दिसायला लागले. एकावर चाचा, एकावर अबू फैसल. मला कुणी बस म्हणालं नाही. मी जाता-येता ऐकायचो. चाचांचं अरबी आणि त्याचं मोडकं हिंदी यांची मिसळ. "श्वय श्वय! सावकाश! वीतभर! अरे, तू मच्छीमाराचा पोर ना?" अबू फैसलचे जाडे हात घाई करायचे. एकदा त्याने झटका देऊन शिसंच तोडलं. चाचा "शी!" म्हणाले, आणि दोघेही हसले. मला त्या हसण्याचा हेवा वाटला आणि हेव्याचीही किळस आली.

जेलीफिश आली ती अबू फैसलच्या दुसऱ्या आठवड्यात. किनाऱ्यापासून आत दूरवर पाणी दुधाळ झालं होतं. मी पंपहाऊसवर गेलो आणि दारात उभा राहिलो. तो डब्यावर बसला होता, बोटात दोरी. मीटर हिरव्यात होता. मी इथे खोटं लिहिणार नाही. त्या क्षणी मला पंप बंद पडायला हवा होता. त्या माणसाने चूक करावी, त्याची नोकरी जावी, असं मी उभ्या उभ्या मनापासून मागत होतो.

अबू फैसलने मान तिरकी केली. दोरी दोन बोटांत चाचपली. मग उठला, धावला, जाळीवर पाणी सोडलं, वॉकीटॉकीवर माणसं बोलावली. लगद्याचे ढीगच्या ढीग हौदात पडायला लागले. मीटर हलला तेव्हा एक जाळी धुऊन झालेली होती. पंप एक क्षणही थांबला नाही. घामाने निथळत त्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि लहान मुलासारखा हसून म्हणाला, "मुहंदिस, हज्जीला फोन करू?"

मी अहवालात 'तयार' लिहिलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. पन्नास माणसांनी ते बघितलं होतं.

चाचा निघाले त्या दिवशी मी गाडी घेऊन कॅम्पवर गेलो, पण त्यांची बॅग आधीच अबू फैसलच्या पिकअपमध्ये चढली होती. खोलीतले लोक गळ्यात पडत होते. मी कडेला उभा होतो. शेवटी तेच माझ्याकडे आले. माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या तळव्यांना दोरीचे घट्टे होते.

"तुझ्यावर राग नाय माझा," ते म्हणाले. "तुझ्या खुर्चीत पन एक दिवस कोन तरी येल. तेव्हा त्याला सगळा शिकव. मी विचारीन तुला."

"शिकवीन, चाचा."

"सगळा."

"सगळं शिकवीन."

पुढचं मला अबू फैसलकडून कळायचं. दर शुक्रवारी तो त्यांना फोन करी. चाचांनी गावाकडे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात काम धरलं होतं. ज्या यांत्रिक बोटींचा त्यांना तिटकारा होता त्यांच्यासाठीच ते लाद्या फोडत आणि टोपल्या भरत. दोन वर्षं त्यांनी ते केलं. रुखसाना पास झाली. आता तिचं औषधांचं दुकान आहे, आणि चाचा काउंटरशेजारी बसून गिऱ्हाइकांना कोकमाचे फायदे सांगतात म्हणे.

आणि मग माझी पाळी आली. माझ्या जागेवर एक सौदी इंजिनिअर आला. शिकलेला, नम्र, चुणचुणीत. सकाळी वही घेऊन समोर बसायचा. मी त्याला ड्रॉइंग दाखवली, मॅन्युअल दिली. थंड पाण्याच्या मुख्य लाइनवर दोन व्हॉल्व्ह असे होते, की ते ठराविक क्रमाने उघडले नाहीत तर पाइपाला जबर हादरा बसतो. तो क्रम कुठे लिहिलेला नव्हता. तो माझ्या डोक्यात होता. माझ्या मुलीच्या कॉलेजला तेव्हा एक वर्ष उरलं होतं. मी तो क्रम सांगितला नाही.

त्याच्या पहिल्या शटडाऊननंतर ते व्हॉल्व्ह उघडताना लाइन फुटली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. त्याची बदली झाली आणि जाताना तो माझी माफी मागून गेला. म्हणाला, सर, तुम्ही इतकं शिकवलंत, मीच कमी पडलो. मला चौदा महिने वाढवून मिळाले. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली.

मला सांगलीला परत येऊन आता सहा वर्षं झाली. मुलगी मार्गी लागली, घर झालं, सगळं ठीक आहे. बाणकोट इथून दिवसभराच्या अंतरावर आहे. रुखसाना दर ईदला फोन करते. अब्बा आठवण काढतात, म्हणते, एकदा या, ते आता फार थकलेत, तुम्हाला काहीतरी विचारायचंय म्हणतात.

दरवेळी मी येतो म्हणून सांगतो.